सोलापूरकडच्या कोरड्या, खारवट रानासाठी 'दुष्काळ आणि क्षार सोसणारे जीन' असलेली झाडं मिळतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मोहोळ तालुक्यात वडिलोपार्जित रान आहे. वरचा अर्धा भाग मुरमाड माळ, खालचा ओढ्याकाठचा अर्धा काळा, पण कालव्याचं पाणी आल्यापासून पांढरा पडलेला. विहिरीचं पाणी सवळ, म्हणजे किंचित खारट. एका रोपवाटिकेवाल्याने 'जेनेटिक, दुष्काळ व क्षार प्रतिरोधक' अशी रोपं तीनशे रुपयाला एक या भावाने देऊ केलीत. असे जीन खरोखर असतात का, आणि ही रोपं घ्यावीत का?

असतात, आणि ढिगाने असतात. रोपं मात्र घेऊ नका.

आधी कायद्याची बाजू, ती छोटी आहे. भारतात जनुकीय बदल केलेलं एकही झाड शेतकऱ्याला विकायची परवानगी नाही. शेतकऱ्याच्या हातात कायदेशीरपणे पोचलेलं जीएम पीक एकच, २००२ पासूनचा बीटी कापूस. झाडांमध्ये गोष्ट पुढे गेली ती रबरापर्यंत: २०२१ साली गुवाहाटीजवळ रबर बोर्डाने जीएम रबराची प्रायोगिक लागवड केली. त्यात रबराच्याच एका जीनच्या जादा प्रती घातल्या आहेत, म्हणजे ईशान्येकडची थंडी आणि कोरडा हिवाळा झाडाला सोसावा. तोही प्रयोगच. तेव्हा तुमच्याकडे आलेला माणूस 'जेनेटिक' म्हणून जे विकतोय ते फार तर टिश्यू कल्चरचं रोप असेल. टिश्यू कल्चर म्हणजे जीन बदलणं नव्हे. एका झाडाच्या हुबेहूब नकला काढण्याची ती पद्धत आहे. डाळिंबवाल्यांना आपल्याकडे हे चांगलं ठाऊक आहे. मूळ झाड क्षार सोसणारं असेल तर नक्कल सोसेल. म्हणून त्याला एवढंच विचारा की आईझाड कुठलं आणि ते किती ईसीच्या (ईसी म्हणजे मातीतल्या क्षाराचं माप) जमिनीत वाढलं. उत्तर येणार नाही.

हा 'दुष्काळ आणि क्षार' जोडशब्द लोकांच्या कानावर आला तो बहुधा भाताच्या बातमीमुळे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जीनोम एडिटिंग केलेली भाताची दोन वाणं जाहीर केली. त्यातलं एक पुसा डीएसटी राईस १, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं. डीएसटी हे जीनचं नाव, आणि गंमत अशी की हा जीन शाबूत असला की भाताला ताण कमी सोसवतो. तो पानावरच्या रंध्रांवर अंमल ठेवणारा जीन आहे. तो निकामी केला की रंध्रं कमी होतात आणि पाणी कमी उडतं. म्हणजे इथे काही नवं घातलेलं नाही, असलेलं एक बटण बंद केलंय. बातमी वाचून 'आता झाडांतही असंच आलं असेल' असं वाटणं साहजिक आहे. पण भाताची पिढी चार महिन्यांची असते. झाडाचा प्रयोग खरा ठरला की खोटा, हे कळायला दहा-पंधरा वर्षं जातात. संशोधक निवृत्त होतो आणि झाडाला तेव्हा कुठे पहिल्या शेंगा लागतात.

मी जनुकशास्त्र शिकलो आणि शिकवतो, शिवाय बांधावरच्या झाडांचं बी गोळा करायचा नाद आहे, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहितो. तुमच्या प्रश्नाचा बराचसा भाग त्यातच सुटेल.

पहिली गोष्ट, दुष्काळ आणि क्षार हे झाडाच्या दृष्टीने अर्धे सारखे आणि अर्धे वेगळे. मातीत मीठ वाढलं की मुळांना पाणी ओढायला जड जातं. समोर पाणी दिसत असून पिता येत नाही, ही अवस्था दुष्काळासारखीच. झाडाचा पहिला प्रतिसादही तोच: ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक तयार होतं, रंध्रं मिटतात, पेशींमध्ये प्रोलिनसारखे पदार्थ साठतात, म्हणजे पेशीच्या आतून पाण्याची ओढ वाढते. हे काम शेकडो जीन मिळून करतात. इथपर्यंत माळावरचं झाड आणि ओढ्यातलं झाड एकाच रांगेत.

मग काही दिवसांनी-आठवड्यांनी मिठाचा दुसरा हल्ला येतो, तो दुष्काळात नसतो. सोडियम आणि क्लोराईड पाण्याबरोबर वर चढतात आणि जुन्या पानांत साठून राहतात. आंब्याच्या पानांच्या कडा करपलेल्या तुम्ही पाहिल्या असतील, ते हेच. यावर वनस्पतींकडे तीन उपाय आहेत. एक, मुळापाशीच सोडियम परत बाहेर फेकणं. एसओएस१ नावाचा जीन पेशीच्या कडेला असा पंप बसवतो. दोन, जे आत शिरलंच ते खोडाच्या नळ्यांतून वर जाण्याआधी वाटेत उतरवून घेणं. हे एचकेटी१ गटातल्या जीनचं काम. गव्हाच्या एका जुन्या नातेवाइकाकडून या गटातला जीन साध्या संकराने कठीण गव्हात आणल्यावर खारवट रानात उत्पादन पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढल्याचं ऑस्ट्रेलियात २०१२ साली दाखवलं गेलं. तीन, वर पोचलेलं मीठ पेशीच्या आतल्या मोठ्या पोकळीत नेऊन कोंडणं, घरातली नको असलेली वस्तू माळ्यावर टाकून वावरायची जागा मोकळी ठेवावी तसं. एनएचएक्स१ हा त्यातला प्रसिद्ध जीन. २००१ मध्ये तो टोमॅटोत वाढवला तेव्हा झाड मिठाच्या बऱ्यापैकी तीव्र द्रावणावर फळलं, आणि मीठ पानांत राहिलं, फळात नाही.

आता विक्रेत्याचा मुद्दा घ्या. 'क्षार प्रतिरोधक जीन' असं एकवचन वापरणारा माणूस या तिन्हीपैकी कशाबद्दल बोलतोय? तीनही असूनसुद्धा झाड मरू शकतं, कारण खालच्या काळ्या रानात क्षारासोबत पाणी साचतं आणि मुळांना हवा मिळत नाही. हवा नाही तर पंप चालवायला ऊर्जा नाही. मीठ सोसणारं झाड दलदलीत मीठ सोसायचं बंद करतं.

निसर्गात ही सगळी कला एकत्र पाहायची तर दोन झाडं बघा. मध्य आशियातला वाळवंटी पॉप्लर, शिंजियांगमध्ये तारीम नदीच्या काठी त्याची जंगलं आहेत. झाडांमध्ये सगळ्यात आधी जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, वाचला गेला तो त्याच्याच अमेरिकन भावाचा, २००६ साली, आणि तो भाऊ मिठाला नाजूक. २०१३ मध्ये वाळवंटी पॉप्लरचा जीनोम आला आणि दोघं शेजारी ठेवून पाहता आले. मिठाशी संबंधित असलेल्या काही जीनच्या प्रती वाळवंटी भावाकडे जास्त निघाल्या. वेगळं हत्यार नाही, आहे तेच जास्त संख्येने. दुसरं झाड आपल्या कोकणातलं, खाडीकाठचं तिवर. त्याचा संपूर्ण जीनोम भुवनेश्वर आणि चेन्नईकडच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. तिवर पानात आलेल्या मिठाचा मोठा हिस्सा पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. उन्हात पान चाटून पाहा, खारट लागतं. याच तिवराचे जीन चेन्नईच्या स्वामिनाथन फाउंडेशनने भातात घालून पाहिले.

त्याच संस्थेने आपल्या वेड्या बाभळीलाही हात घातला होता. होय, ओढ्याकाठी, रेल्वेरुळालगत, पडीक रानात माजलेली तीच. पाणी तोडल्यावर तिच्यात कोणते जीन जागे होतात याची यादी त्यांनी केली, त्यातला एक तंबाखूत घातला, आणि तंबाखूने पाण्याचा ताण जास्त सोसला. वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणली गेली. तिच्या गोतातल्या एका झाडाची मुळं ॲरिझोनातल्या खाणीत ५३ मीटर खोल सापडली होती. आपल्या शमीकडे २८ गुणसूत्रं, वेड्या बाभळीकडे ५६, म्हणजे चार संच. आपली गावरान बाभूळही अशीच चार संचांची, ५२ गुणसूत्रांची. संच वाढले की मीठ सोसण्याची ताकद वाढते असं २०१३ मध्ये प्रयोगशाळेतल्या एका छोट्या रोपट्यात, ॲरॅबिडॉप्सिसमध्ये, दाखवलं गेलंय: जास्त संच असलेली रोपं पोटॅशियम जास्त धरून ठेवतात. बाभळीचं रहस्य तेवढंच आहे असं मी म्हणणार नाही, पण हा धागा मला रोचक वाटतो.

जीन इतके चांगले म्हणून वेडी बाभूळ लावावी का? अजिबात नाही. गुरं शेंगा खातात, शेणातून बी पसरतं, आणि पाच वर्षांत तुमचं रान तिचं होतं. सोसणं आणि माजणं यांचं मूळ बऱ्याचदा एकच असतं.

आता तुमच्या उपयोगाचा भाग, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: तुमच्या रानात जीन पोचतात ते दोन वाटांनी, खुंटाच्या आणि बियांच्या.

खुंटाची वाट आपल्या जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्यांनी केव्हाच वापरली. पूर्वी थॉम्पसनची काडी थेट जमिनीत लावत. पाणी कमी आणि सवळ होत गेलं तशी डॉगरीज खुंटाची पद्धत पसरली. डॉगरीज ही टेक्सासकडची रानटी द्राक्षवेल. मुळं तिची, वरचा वेल थॉम्पसनचा किंवा त्याच्या एखाद्या वाणाचा. वरच्या भागाचा एकही जीन बदलला नाही, तरी बाग जास्त क्षार आणि ताण सोसायला लागली, कारण मीठ गाळायचं काम मुळं करतात. 'जेनेटिक रोप' हवंच असेल तर खरं जेनेटिक रोप हे आहे, आणि ते पंढरपूर-बार्शीकडच्या कोणत्याही बागायतदाराला माहीत आहे.

बोरीचंही तसंच. गावठी बोराचं बी जागेवरच टोकायचं, सोटमूळ खाली उतरू द्यायचं, आणि वर्षभराने त्यावर उमराण किंवा कडाका जातीचा डोळा भरायचा. पिशवीतली मोठी बोर आणून लावली की सोटमूळ गुंडाळलेलं असतं आणि गावठी खुंटाचा अर्धा फायदा तिथेच संपतो. बोर दुष्काळाशी लढत नाही, चुकवते. उन्हाळ्यात पानं गाळून झोपते, पावसाळ्यात वाढते, थंडीत फळते. हे वेळापत्रकही जीनमध्येच लिहिलेलं आहे, आणि सोलापूरच्या पावसाशी ते इतकं जुळतं की सांगोल्यापासून मोहोळपर्यंत बोर कुणी प्रचार न करता टिकली. एक सावधगिरी: गावठी बोराचा खुंट बियांपासून होतो, म्हणून प्रत्येक झाडाची मुळं जनुकीयदृष्ट्या वेगळी. एकाच ओळीतली दोन झाडं वेगळी वागली तर कलम करणाऱ्याला शिव्या देऊ नका. डॉगरीज मात्र काडीपासून होतो, ती सगळी मुळं एकाच झाडाची.

बियांची वाट कमी चकचकीत, पण स्वस्त. आपल्या मोहोळच्याच केंद्रातून १९३० च्या दशकात मालदांडी ३५-१ ज्वारी निघाली. कुणी जीन घातला नव्हता, शेतकऱ्यांच्या स्थानिक मालदांडीतून चांगलं ते वेचून काढलं होतं. रब्बीत आजही लोक तिचं नाव घेतात. झाडांत हे काम कुणी फारसं केलेलं नाही, म्हणून ते तुम्हालाच करावं लागेल, आणि करता येतं.

तुमच्या खालच्या पांढऱ्या पट्ट्याच्या आसपास, त्याच ओढ्यावर, आपोआप उगवून मोठ्या झालेल्या बाभळी, करंज, बोरी शोधा. एकाच झाडाचं बी घेऊ नका. क्षारपड जागेत उभं असलेलं झाड जीनमुळे उभं आहे की त्याच्या मुळाला नशिबाने गोड पाण्याची शीर लागली, हे वरून कळत नाही. शिवाय बीमध्ये अर्धा वाटा परागाचा, आणि तो मधमाशीने कुठून आणला कुणास ठाऊक. म्हणून शक्य तितक्या, एकमेकांपासून लांब असलेल्या झाडांचं बी मिसळा. बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातलं मिळालं तर सोन्याहून पिवळं, नाहीतर उकळतं पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवा. लांब पिशव्यांत रोपं करा, गरजेपेक्षा तिप्पट-चौपट. महिनाभर गोडं पाणी द्या आणि मग हळूहळू तुमच्याच विहिरीच्या सवळ पाण्यावर आणा. करपतील ती निर्दयपणे उपटा. उरतील ती तुमच्या पाण्यासाठी निवडलेली. प्रयोगशाळेत याला निवड म्हणतात आणि त्यावर प्रबंध लिहितात. लहान रोप आणि मोठं झाड मिठाला अगदी सारखं वागत नाही हे खरं, पण खारवट रानात बहुतेक झाडं मरतात ती पहिल्या दोन वर्षांतच, त्यामुळे रोपाची परीक्षा कामाची.

कडुलिंबाचं बी घ्याल तर जून-जुलैत गोळा करून लगेच पेरा, ते साठवणीत टिकत नाही. आणि कडुलिंब वर लावा, खाली नको. कोरडं सोसतो, साचलेलं पाणी नाही.

वरच्या मुरमासाठी बोर, सीताफळ, अंजन, कडुलिंब, हिवर, शमी. इथे क्षाराचा प्रश्नच नाही, उथळ मातीचा आहे. पण एक विनंती. तो माळ खरोखर गवताळ असेल, पवना-कुसळीचं गवत दरवर्षी येत असेल, तर तिथे खड्डेच काढू नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. गवताळ माळाला पडीक समजून झाडांनी भरून टाकण्याचा उत्साह या पक्ष्याला आणि इतर कितीतरी जिवांना महागात पडला. झाड नसलेली प्रत्येक जागा आजारी नसते. तिथे गवत राखा, शेळ्या-मेंढ्यांना विका.

खालच्या रानासाठी बाभूळ, करंज, बोर, फळझाड हवं तर आवळा. फारच खारट निघालं तर पिलू, म्हणजे मिसवाकचं झाड. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या भरूच केंद्राने गुजरातच्या खारट काळ्या मातीत पिलू लावून दाखवलंय, आणि आपली मातीही काळीच. आंबा, पपई, लिंबू तिथे लावू नका, कितीही गोड बोलून कुणी दिलं तरी. मूळ कर्नाल संस्थेची एक पद्धत इंटरनेटवर फार फिरते: ऑगरने चार फूट खोल भोक, त्यात जिप्सम आणि शेणखत. ती गंगेच्या मैदानातल्या चोपण, म्हणजे सोडियम फार असलेल्या, जमिनीसाठी काढलेली आहे. तुमची जमीन चोपण आहे की नुसती क्षारयुक्त, हे कळल्याशिवाय तिची नक्कल करू नका. आणि झाड क्षार शोषून रान गोडं करेल ही आशा सोडा. मीठ मुळाशी अडवणारं चांगलं झाड ते मातीतच ठेवतं. मीठ जातं ते चराने, पाण्याबरोबर. चर नसेल तर माझी वरची सगळी यादी दोन वर्षांची पाहुणी.

तेव्हा क्रम असा ठेवा: खालच्या रानात एका जागी तीन फूट खड्डा घ्या आणि प्रत्येक फुटाची माती वेगळ्या पिशवीत भरा, एकत्र करू नका. अशा निदान तीन जागा. बरोबर विहिरीच्या पाण्याची बाटली. कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत ईसी, सामू (पीएच) आणि विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी मागा. ईसी ४ च्या वर म्हणजे क्षारयुक्त. सामू साडेआठच्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर म्हणजे चोपण. दोन्ही असलं तर दोन्ही. आकडे आले की इथेच प्रतिक्रियेत टाका, तिसऱ्या फुटाचा ईसी पाहून बोर चालेल की थेट पिलूवर जायचं ते सांगतो. तोपर्यंत त्या रोपवाटिकेवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका.